आप्पांच्या जुन्या रूटवर : तोरणमाळचे चार दिवस

पहिला दिवस

आप्पा पहाटे साडेपाचलाच बूट घालून ओट्यावर बसले होते. निघायचं साडेसहाला ठरलेलं. बोलेरो घेऊन येणारा चुलतभाऊ उगवला सव्वासातला. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. "गाडी टाईमवर सोडनी पडस, भाऊ. पॅसेंजर वाट दखतस."

आप्पा म्हणजे माझे वडील. एस. टी.त तीस वर्षं कंडक्टर. त्यातली अकरा शहादा डेपोला, आणि त्या अकरातला बराच काळ सातपुड्यावरच्या तोरणमाळच्या गाडीवर. निवृत्तीनंतर त्यांनी एकच मागणं लावून धरलं होतं, एकदा वर जाऊन येऊ. आम्ही दर वर्षी हो म्हणायचो आणि दर वर्षी कुणाचं तरी लग्न निघायचं.

माझं कारण वेगळं. मी धुळ्यात शाळेत भूगोल शिकवते. 'सातपुडा पर्वत नर्मदा आणि तापी या नद्यांच्या मध्ये पसरलेला आहे' हे वाक्य मी अठरा वर्षं फळ्यावर लिहितेय. वाघ बघायला तीनदा ताडोब्याला गेले, जिप्सीत धूळ खाल्ली, आणि घरापासून अर्ध्या दिवसावरचा सातपुडा मात्र शहाद्याच्या लग्नांमधून मांडवाच्या वरून दिसला तेवढाच. शिवाय मला एक पक्षी बघायचा होता. त्याच्याबद्दल उद्या.

चिमठाणे मागे पडलं, दोंडाईचा आलं. मार्चचा पहिला आठवडा, मिरच्यांच्या पथाऱ्या अजून उठल्या नव्हत्या. काचा वर करेपर्यंत तिघंही शिंकायला लागलो होतो. सारंगखेड्याला तापी ओलांडली. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, पण आता नदीकाठ मोकळा होता आणि पाण्यात दोन म्हशी. आप्पांनी पुलावर हात जोडले. तापीला जोडले की घोड्यांच्या आठवणीला, विचारलं नाही.

शहाद्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पपई, केळी, ऊस. एवढं हिरवं की डोंगर जवळ आलाय हे कळत नाही. या उसात बिबटे राहतात, पिल्लं तिथेच घालतात, ऊसतोड सुरू झाली की सापडतात. म्हणजे जंगलातलं जनावर शेतात, आणि जंगलात काय उरलंय ते बघायला आम्ही वर चाललेलो.

राणीपूर गेलं आणि रस्ता वर तोंड करून उभा राहिला. या घाटाला सातपायरी म्हणतात. वर पोचून खाली बघितलं की कळतं का ते: एकावर एक दुमडलेली वळणं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. आप्पा पुढच्या सीटवर सरसावून बसले. प्रत्येक वळणाला त्यांच्याकडे काही ना काही होतं. इथे पावसाळ्यात दरड यायची तेव्हा पॅसेंजर उतरून दगड बाजूला करायचे. इथे ड्रायव्हरला एका दमात वळण बसायचं नाही, मग हे मागे उतरून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत दरीच्या कडेला उभे. "पुढे जायचं तर डबल, थांबायचं तर सिंगल," त्यांनी भावाला समजावलं, जणू बोलेरोला घंटीची दोरी होती. "वळणावर चुकून सिंगलची डबल झाली असती तर आज ही पोरगी नसती."

घाटात झाडं बदलली. खाली निंब-बाभळी होत्या, इथे सागाचे नुसते दांडे, पानं सगळी जमिनीवर. मधूनच पळसाचा एखादा पेटलेला गुच्छ. दोन ठिकाणी अंजन दिसला. सातपुड्याचं झाड म्हणावं तर हे. एका देठाला दोन पानं, फुलपाखराच्या पंखांसारखी, आणि लाकूड इतकं कठीण की कुऱ्हाड परत येते.

वर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. तोरणमाळची उंची साधारण 1150 मीटर, महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण अशी त्याची ओळख सांगतात. पहिलं महाबळेश्वर. पण महाबळेश्वर डोक्यात घेऊन इथे आलात तर गोंधळ उडेल. स्ट्रॉबेरी नाही, घोडेवाले नाहीत, बाजारपेठ म्हणाल तर चार टपऱ्या. आम्ही एका ठिकाणी फोनवर खोली सांगून ठेवली होती. तिथल्या वहीत आमचं नाव नव्हतं आणि वही बघणाऱ्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. अर्धा तास वाद घालून शेवटी गावातल्या एका घरी सोय झाली. एक खोली, तीन गोधड्या, अंगणात चूल. एका परीनं बरंच झालं. त्या घरातल्या बाईंनी रात्री उडदाची डाळ आणि मक्याची भाकरी वाढली, सोबत लाल मिरचीचा ठेचा. आप्पांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. घरी दोनवर हात धुतात.

महाशिवरात्रीची गोरखनाथांची यात्रा होऊन पंधरवडा होत आला होता. मध्य प्रदेशातून, गुजरातेतून माणसं डोंगर चढून पायी येतात. त्यांच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या अजून तलावाच्या कडेला अडकून होत्या. चंद्र बराच भरला होता. यशवंत तलावावर बसलो तर थंडी वाजायला लागली. त्या दुपारी धुळ्यात पंखे सुरू झालेले होते.

दुसरा दिवस

आता पक्ष्याबद्दल.

रानपिंगळा. साळुंकीएवढं घुबड. 1872 साली आजच्या छत्तीसगडच्या बाजूला ब्लेविट नावाच्या इंग्रजाला पहिल्यांदा मिळालं, पुढच्या वर्षी ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला चिकटलं. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले तेच, पक्ष्यांचेही तेवढेच वेडे. पुढे सगळे मिळून जेमतेम सात नमुने गोळा झाले. त्यातले काही आमच्या खानदेशातले, डेव्हिडसन नावाच्या इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यानं टिपलेले. शेवटचा 1884चा. मग पक्षी गायब.

गायब म्हणजे कसा, ही खरी गंमत आहे. मायनर्टझॅगन नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं सांगितलं की 1914 साली त्यानं गुजरातेत तापीकाठी हा पक्षी मारला. नमुना दाखवला, चिठ्ठी दाखवली. मोठा माणूस, कोण शंका घेणार? सलीम अली आणि अमेरिकेचे रिप्ले यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी पुढे या पक्ष्याचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात संग्रहालयांतले नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा उघड झालं की तो 1914चा पक्षी मुळात ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला होता. डेव्हिडसनचाच खानदेशी पक्षी, नव्यानं भरून, खोटी चिठ्ठी लावून. मग बाईंनी खोटी जागा बाजूला टाकली, खऱ्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते हातात घेतले आणि दोन सोबत्यांना घेऊन आधी पूर्वेकडे शोधलं. तिथे काही नाही. शेवटी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या आणि 25 नोव्हेंबर 1997च्या सकाळी, भर उजेडात, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. 113 वर्षांनी.

"तवय शहादा धुळे जिल्ह्यात होतं," आप्पा लगेच म्हणाले. खरं आहे. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998ला. म्हणजे सात महिने उशीर झाला असता तर हा मान आमच्या जिल्ह्याच्या हातून गेला असता. आप्पांना त्याचा जो आनंद झाला तो रासमुसेनबाईंनाही झाला नसेल. नंतर आणखी एक हिशोब त्यांच्या लक्षात आला आणि ते जरा गप्प झाले. त्या नोव्हेंबरात ते शहादा डेपोलाच होते. रोज त्याच पायथ्यावरून गाडी नेत होते.

घरमालकिणीच्या दिरानं वाट दाखवायचं कबूल केलं. पावरा या आदिवासी समाजाचा माणूस, वय पस्तिशीचं, खांद्यावर कुऱ्हाड. जंगलात कुऱ्हाड कशाला, असं भावानं विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही मोबाइल कशाला आणला? मी दुर्बीण, पुस्तक, वही, टोपी असा सरंजाम घेतला होता. मनाची तयारी होती की चार दिवस हिंडू आणि बहुधा हात हलवत परत येऊ. परतल्यावर सांगायचं वाक्यसुद्धा तयार होतं.

सहाला निघालो. पठाराची कड ओलांडून सागाच्या उतारावर आलो. पायाखाली वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती, त्यामुळे चालताना दुसरं काही ऐकूच येईना. वाटाड्या थांबला की आम्ही थांबायचं असं ठरलं. पंचवीस मिनिटं झाली असतील. तो थांबला. हनुवटीनं दाखवलं.

"तो बघा बसलाय."

शेंडा मोडलेल्या सागावर, अगदी उघड्यावर, उन्हाकडे तोंड करून. मी दुर्बीण लावली आणि आधी अविश्वासानं साध्या पिंगळ्याच्या खुणा शोधल्या. धुळ्यात आमच्या वडावर राहतो तो. पण त्याच्या डोक्यावर ठिपक्यांची रांगोळी असते, याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे. पायांवर दाट पांढरी पिसं, लोकरीचे मोजे घातल्यासारखी. आणि शेपटी डावी-उजवीकडे झटक्यानं हलवायची सवय. पुस्तकात लिहिलंय तशीच, तंतोतंत. माझ्या खांद्यावर बोटाची एक टिचकी बसली. आप्पा. सिंगल. थांबायचं.

आम्ही वीस मिनिटं थांबलो. एकदा त्यानं मान फिरवून आमच्याकडे पाहिलं, पिवळ्या डोळ्यांनी, आणि आम्ही दखल घेण्याजोगे नाही असं ठरवून परत वळवली. मग खाली पानांत झेपावला. वर आला तेव्हा पायात सरडा होता. सरड्याची शेपटी बराच वेळ हलत होती.

खरं सांगते, मी थोडी नाराज झाले. एवढ्या लवकर? सलीम अलींना नाही दिसला आणि मला पंचवीस मिनिटांत? वाटाड्याला तो सगळा इतिहास मी उत्साहानं सांगितला, 113 वर्षं, खोटी चिठ्ठी, अमेरिकेतून आलेली बाई. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथे कुणाला विचारलं नव्हतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारलं असतं तरी कोणत्या भाषेत, हाही प्रश्नच. शिवाय 'दुर्मीळ' हा शब्द बाहेरच्याचा असतो. रोज दिसणाऱ्याला तो पक्षी झाडावरचा शेजारी. पुढे हा रानपिंगळा मेळघाटात, खंडव्याकडे, गुजरातच्या डांगात आणि अगदी मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यातही सापडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी या तोरणमाळच्या राखीव जंगलातच राहून त्याचा अभ्यास केला. 2018पासून त्याची गणती 'अतिसंकटग्रस्त'ऐवजी 'संकटग्रस्त' पक्ष्यांत होते, म्हणजे एक पायरी बरी. झाडांच्या ढोल्या राहिल्या तर तोही राहील. ढोली मोठ्या, जुन्या झाडाला असते, आणि जुनं झाडच आधी कुऱ्हाडीला दिसतं.

एक विनंती. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे लोक इथेही पोचलेत, वाटाड्यानंच सांगितलं. विणीच्या दिवसांत खोट्या शत्रूशी भांडायला लावून त्या जिवाला दमवायचं आणि फोटो काढायचा. तो तसाही उघड्यावर बसतो हो. पायी चला, सापडेल.

बाकीचा दिवस पर्यटकासारखा गेला. सीताखाई पाहिली. पावसाळ्यात इथे धबधबा कोसळतो, आत्ता नुसता काळा कडा आणि खाली खोल, खोल दरी. भावानं दगड टाकला, आवाज यायच्या आत आप्पांनी त्याच्या पाठीत धपका घातला. कमळ तलावात कमळं कमी, पाणी त्याहून कमी. गोरखनाथांच्या देवळात आप्पा तासभर बसले. मी तेवढ्यात झोप काढली.

तिसरा दिवस

आज मुद्दाम लांबची चाल ठरवली होती. पठाराच्या उत्तरेकडून खाली दरीत, एका पाड्यापर्यंत, आणि संध्याकाळी परत. आप्पा अडुसष्टचे आहेत. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. अर्ध्यात थांबेन म्हणाले, आणि खरोखर अर्ध्यात थांबले. तेही चांगलंच झालं, ते पुढे येईलच.

पहिल्या तासात मोबाइलची रेंज गेली. दुसऱ्या तासात भावाचं बोलणं गेलं. समोर डोंगरामागे डोंगर, पहिला तपकिरी, दुसरा निळसर, मग नुसत्या रेघा. सगळ्यात मागची रेघ ओलांडली की नर्मदा. दिसत नव्हती, वाटाड्यानं हातानं दाखवली. त्या काठची मणिबेलीसारखी गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, एवढं मला वाचून माहीत. तो म्हणाला, त्याची एक आत्या तिकडचीच. मग पुढे काही बोलला नाही.

आम्हाला जंगल म्हटलं की सलग, दाट, अंधारं असं काही हवं असतं. हे तसं नाही. कुठे एखाद्या घळीत हात धरून चालावं एवढी झाडी, बांबू, सालईची पांढरट खोडं, धावडे. वर आलं की उघडा उतार, नुसते बुंधे. मग कुणाचं तरी शेत, कूड घातलेलं, मध्ये एकटं घर. पाडा म्हणजे आपल्यासारखी भिंतीला भिंत लावलेली घरं नाहीत. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं लांब. 2006च्या वनहक्क कायद्याचे दावे, कुणाचे मंजूर, कुणाचे अडकलेले, हा इथला चहाबरोबरचा विषय. वाटाड्याच्या भावाचा अर्ज अजून कागदांतच होता. 'अभयारण्य करा, माणसं हलवा' असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. मीही म्हटलेलं आहे, स्टाफरूममध्ये, डबा खाताना. आणि उघडे उतार बघून 'सगळं छान चाललंय' असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. या दोन्हीच्या मध्ये मी त्या दिवशी चालत होते.

घळीत अस्वलाचं काम दिसलं. वारुळ पुरतं उकरलेलं, माती ताजी. वाटाड्या खाली बसला, माती चिमटीत धरून म्हणाला, रात्रीची आहे. आणि पहिल्यांदाच त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. बिबट्याला तो भीत नव्हता. अस्वलाला भीत होता, कारण मोहाची फुलं गळायला लागली की माणूस आणि अस्वल एकाच वेळी, एकाच झाडाखाली, अंधारात येतात. त्याच्या चुलत्याच्या पाठीवर अशा गाठभेटीची खूण आहे.

वाघ? वाघ नाही, तो म्हणाला. त्याच्या आज्यानं पाहिला होता. मला औट्रम आठवला. 1825मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्लांची पलटण उभारली, धरणगावला तिचं ठाणं, आणि जेम्स औट्रम तिचा अधिकारी. भिल्लांचा विश्वास मिळवला तो त्यांच्याबरोबर शिकार करून, असं त्याचं कौतुक होतं. त्या दहाएक वर्षांत त्यानं आणि त्याच्या माणसांनी मारलेल्या वाघांचा आकडा दोनशेच्या वर जातो. एका पलटणीनं, एका खानदेशात. ताडोब्यात एका वाघासाठी अकरा जिप्स्या ओळीनं उभ्या असतात.

दरीच्या निम्म्यात एका घराशी आप्पा थांबले. अंगणात मोठा मोह, खाली जमीन झाडून स्वच्छ, फुलं नुकती कुठे पडायला लागलेली. पिवळट, गरगरीत, रसानं भरलेली. एका आजीबाईंनी आम्हाला मूठभर दिली. गोड, आणि गोडाच्या मागून एक उग्र वास, जो दिवसभर बोटांना राहतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात, हे खरंच. पण या आजींनी खराट्यानं झाडलं होतं. ही फुलं वाळवून विकली की तेल-मिठाचं निघतं. पुढे दोन महिन्यांनी कैऱ्या येतील, त्यांचं आमचूर होईल, तेही व्यापाऱ्याला.

आम्ही खालच्या पाड्यावर जाऊन, ओढ्यातल्या डबक्यात पाय सोडून, तीन वाजता परत आलो तर आप्पा खाटेवर मांडी घालून बसलेले आणि भोवती पाच-सहा माणसं. आप्पांना पावरी बोली कामापुरती येते, तिकिटापुरती म्हणा ना. सकाळपासून ते प्रत्येकाला एकच विचारत होते, ओळखलं का? मी कंडक्टर, शहादा डेपो. कुणीच ओळखलं नव्हतं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, हो हो, ओळखलं, तुम्ही नंदुरबारच्या गाडीला होता. आप्पा नंदुरबारच्या गाडीला कधीच नव्हते. एरवी त्यांनी रूट नंबरासकट दुरुस्ती केली असती. ते म्हणाले, "हो, तीच." आणि म्हाताऱ्याला तंबाखू दिली.

तीन पोरं आमच्यामागे वरपर्यंत आली. गळ्यात गलोली. मी शिक्षिका असल्यानं विचारल्याशिवाय राहवेना, घुबड मारता का? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसली. मोठ्यानं सांगितलं, तितर, होले. घुबड कोण खातं! मग धाकटा म्हणाला, पण नेम लावायला... मोठ्यानं त्याला चापट मारली. मी फळ्यावरचा आवाज काढला नाही. दुर्बीण दिली त्यांच्या हातात. धाकट्यानं ती उलटी धरून स्वतःचे पाय बघितले आणि ते एवढे लांब गेलेले पाहून जो ओरडला की समोरच्या उतारावरून कुणीतरी ओ दिली.

परतीची चढण चांदण्यात संपवली. आप्पा दर शंभर पावलांवर थांबत होते. मला भीती वाटत होती, त्यांना नाही. एका थांब्यावर खालून, सागातून, एक छोटा दबका आवाज आला, पुन्हा पुन्हा. वाटाड्या म्हणाला, तुमचाच तो. मला खात्री नाही. त्याला होती.

चौथा दिवस

सकाळी घाट उतरलो आणि दुसऱ्या घाटानं परत डोंगरात शिरून धडगाव गाठलं. तोरणमाळ याच अक्राणी तालुक्यातलं, पण धडगाव म्हणजे तालुक्याचं गाव: गर्दी, जीपा, बँकेसमोर रांग. आणि आज भोंगऱ्या बाजार.

होळीच्या आधीच्या आठवड्यात ठिकठिकाणच्या आठवडेबाजारांना भोंगऱ्या म्हणतात. होळीचा बाजार. दाळ्या, फुटाणे, खजूर, गूळ, साखरेचे हार-कडे, गुलाल. डोंगरातून उतरणारी माणसं ढोल घेऊनच उतरतात, आणि ढोल म्हणजे केवढा, दोन माणसांनी पेलायचा. बायकांच्या अंगावर चांदी, एकाच रंगाच्या साड्या नेसलेले मैत्रिणींचे घोळके. 'पोरी पळवून न्यायचा बाजार' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात, मीही लहानपणी तेच ऐकलं. इथल्या एका शिक्षकाशी बोलणं झालं, ते या वाक्यावर चांगलेच तापले. म्हणाले, तुमच्या धुळ्याच्या बाजारात पोरं-पोरी भेटत नाहीत का? तुम्ही त्याला काय नाव ठेवता? मी खजूर घेतले आणि गप्प बसले.

होळीला कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचणारे बुध्या अजून निघाले नव्हते. त्यांचे नेमधर्म सुरू असतात, त्यांचे दिवस पुढे. अक्कलकुव्याकडच्या काठीच्या राजवाडी होळीला यायचं भावानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नेटवर्क नाही म्हणून चार दिवस कुरकुरणारा हाच.

परतताना चांदसैली घाटानं तळोद्याकडे उतरलो. उजवीकडे कुठेतरी अस्तंबा, अश्वत्थाम्याचा डोंगर. दिवाळीत त्याची यात्रा असते. कपाळावरच्या जखमेला तेल मागत अश्वत्थामा या रानात फिरतो अशी समजूत. धुक्यासारखी धूळ होती, शिखर काही दिसलं नाही. घाटात दोन ठिकाणी पडलेले दगड तसेच. उतार संपला आणि उन्हानं तोंडावर ओला नव्हे, कोरडा कढत फडका मारला. तापीच्या खोऱ्यात परत.

तळोद्यात स्टँडसमोर चहाला थांबलो. वर जाणारी एक गाडी लागलेली, खचाखच भरलेली. दारात पोती, कोंबड्या, ढोलाची एक बाजू बाहेर. कंडक्टर पोरगा असेल पंचविशीचा, गळ्यात तिकिटाचं मशिन, आत अडकलेला. दार लावायला मागे येताच येईना. ड्रायव्हर हॉर्न देत होता.

आप्पांनी कप बाकावर ठेवला. रस्ता ओलांडून गेले, ढोल आत सारला, एका म्हातारीचं बोचकं वर दिलं, खांद्यानं रेटून दार लावलं. मग गाडीच्या पत्र्यावर हाताच्या पंज्यानं दोनदा मारलं.

गाडी निघाली.